कोरे चौकोन

१४ मार्च, सोमवार

चौकशीबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नाही म्हणून फेकून देऊ नकोस. हे अक्षर खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईचं आहे. कोर्टात तेहतीस वर्षं लोकांच्या जबान्या टाइप करून रिटायर झाली आणि आता तिचे हात शिवशिवतात. मी बोलेन ते शब्दन् शब्द उतरवायचं, मध्ये शहाणपण करायचं नाही, अशी अट घातली. तिने ती मान्य केली आणि पहिल्याच ओळीला अडली. ‘आजी, चौकशीबाई काय लिहू? त्या प्रोफेसर आहेत.’ मी म्हटलं, प्रोफेसर ती जगाची. पाच वर्षांची असताना तिने मला विचारलं होतं, आई, डोळे मिटले की खोली कुठे जाते? तेव्हापासून ती चौकशीबाई. लिही.

अकरा वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस. बरंच केलंस. उचलला असतास तर मी ‘जेवलीस का’ विचारून ठेवून दिला असता. तोंडाने मी फार लबाड आहे. कागदावर लबाडी करायची तर दुसऱ्याच्या हातून करावी लागते, आणि ही बाई कोर्टातली. चेहरा बघून ओळखते.

तर झालं असं की गेल्या आठवड्यात हिने मला पेपर वाचून दाखवला. त्यात तुझा फोटो. तू रिटायर होतेस म्हणून मोठी मुलाखत. केस पांढरे तू केलेस की झाले? चष्मा मात्र शोभतो. मुलाखतीत तुझी प्रयोगशाळा आहे, तुझे विद्यार्थी आहेत, तो बासष्ट वर्षांचा शिंपी आहे ज्याच्या आळशी डोळ्याला तू शिकवलंस आणि ज्याने आयुष्यात पहिल्यांदा एका झटक्यात सुईत दोरा ओवला. सगळे म्हणायचे, मोठ्या माणसाच्या मेंदूला नवीन बघायला शिकवता येत नाही. तू म्हणालीस, येतं. आणि करून दाखवलंस. हे ऐकताना मी टायपिस्टबाईकडे असं बघितलं की जणू मीच शिकवलं.

मग त्यांनी तुला विचारलं, या विषयाकडे कशा वळलात? बाईने तुझं उत्तर वाचलं. ‘घरातल्या एका मुलाचा डावा डोळा आळशी होता. डोळा निरोगी, पण मेंदू त्याचं ऐकत नव्हता. चौथ्या वर्षी आम्ही त्याच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागेल. रोज सहा तास, अकरा महिने. एकही दिवस चुकला नाही. तरी डोळा सुधारला नाही. का नाही, हे शोधण्यात माझं आयुष्य गेलं. तो तक्ता अजून माझ्या टेबलावर काचेखाली आहे.’

मी म्हटलं, शेवटचं परत वाच. तिने वाचलं. पुन्हा वाच म्हटलं तेव्हा तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

‘घरातला एक मुलगा’ म्हणालीस. माझा मुलगा म्हणायला काय जीभ झिजली असती? छत्तीस वर्षांचा झाला तरी काम करताना अजून गुणगुणतो. भुंगा नाव मी उगाच नाही ठेवलं.

एवढंच कळवायचं होतं की फोटो चांगला आला आहे. भुंगा बरा आहे. कारखान्यात जरा लागलंय, पण बरा आहे.

बाई म्हणते, सही म्हणून खाली एक फुली मारा. फुली मी मारत नाही. अंगठा घे म्हटलं.

तुझी आई

१९ मार्च, शनिवार

चौकशीबाई,

सोमवारी लिहिलं की भुंग्याला जरा लागलंय. त्यातला ‘जरा’ काढून टाक.

तो लाकडाच्या कारखान्यात लेथवर असतो हे तुला माहीत आहे. टेबलाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब, पाळण्याचे दांडे. फिरत्या लाकडाला पटाशी लावली की भुसा उडतो, म्हणून डोळ्यांवर गॉगल बांधायचा असतो. घामाने गॉगल धुरकट झाला, म्हणून त्याने काढला. ‘पाचच मिनिटं काढला होता गं आजी,’ म्हणतो. त्या पाच मिनिटांत लाकडाची गाठ फुटली आणि ढलपी डोळ्यात गेली. उजव्या. चांगल्या.

नकोसं झालं की काढून ठेवायची सवय त्याला कुणी लावली, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दोन ऑपरेशनं झाली. आता त्या डोळ्याने उजेड कळतो, माणूस उभा आहे एवढं कळतं. ओल्या काचेमागून बघितल्यासारखं. याहून जास्त होणार नाही असं म्हणतात. आणि डाव्याचं तर तुला पाठ आहे.

तुला कळवायचं नाही, असं त्याने मला बजावलं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, ‘तिला कळलं तर आई येणार नाही, प्रोफेसर येईल.’ सुट्टीत तुझ्याकडे पाठवला की तू त्याला अंधाऱ्या खोलीत बसवायचीस, हनुवटी टेकवून, आणि पडद्यावरचे ठिपके मोजायला लावायचीस. दर सुट्टीत. इतर पोरं मामाकडून काय काय सांगत यायची आणि हा सांगायचा, या खेपेला सहाशे ठिपके झाले. मी तेव्हा तुझ्यावर फार तोंडसुख घेतलं. तू का मोजत होतीस हे मला कळत होतं. तरी घेतलं.

गुरुवारी त्याला घेऊन दवाखान्यात गेले. घेऊन कसली, मी त्याचा दंड धरला होता आणि तो माझा. कोण कुणाला नेतंय ते जिन्याला विचारावं. डोळ्यांची डॉक्टरीण तरुण आहे, भराभर बोलते. तिने विचारलं, ‘डावा लहानपणापासून आळशी? पट्टी लावली होती?’

भुंगा म्हणाला, ‘पूर्ण. अकरा महिने. तक्ता आहे.’

तिने पेन खाली ठेवलं. ‘मग अवघड आहे. लहानपणी उपचारच झाला नसता, तर मी म्हटलं असतं की प्रयत्न करून बघू. आता मोठ्या माणसांचे डोळेसुद्धा शिकतात. एका विद्यापीठातल्या मॅडमचं त्यावर मोठं काम आहे. पण पूर्ण उपचार होऊनही जो डोळा हलला नाही, तो पेशंट त्या घेत नाहीत. नियमच आहे त्यांचा.’

भुंगा हसला. ‘माहीत आहे मला तो नियम,’ म्हणाला. ‘माझ्यावरूनच केलाय.’

तिला वाटलं, औषधाची गुंगी आहे.

मी मागच्या बाकावर होते. मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाणी मागितलं.

तर विचारायचं होतं की तुझा तो नियम बदलता येतो का. तू केलास ना? मग तू मोडू शकतेस. एवढंच.

टायपिस्टबाई पेन उचलून बसली आहे. म्हणते, ‘आजी, तुम्हाला अजून काहीतरी सांगायचंय. अर्ध्यावर थांबलेली जबानी मला लांबून कळते.’ मी म्हटलं, तुला जास्त कळतं. अंगठा घे.

तुझी आई

२१ मार्च, सोमवार

पोरी,

आज दार लावून घेतलं आहे. भुंगा दवाखान्यात आहे, पट्टी बदलायला. शेजारचा सुतार त्याला घेऊन गेलाय. दुपारचे तीन वाजले आहेत. बाईला सांगितलं, आज साक्षीदार उभी आहे असं समज आणि मान खाली घालून लिही.

तुझ्या काचेखालचा तक्ता खोटा आहे.

पहिले नऊ दिवस खरे आहेत, आणि तू घरी असायचीस ते रविवार. तेवढे घे. बाकीच्या फुल्या मी खोट्या मारल्या आहेत.

तुला आठवत असेल, तो तक्ता तू हाताने आखला होतास. तुला विद्यापीठात नुकतीच जागा मिळाली होती. जावई त्याआधीच आपल्या वाटेने गेले होते. तू सोमवारी पहाटे जायचीस आणि शनिवारी दुपारी यायचीस. मला लिहिता येत नाही म्हणून तू माझ्या बोटांत पेन्सिल दिलीस, माझा हात तुझ्या हातात धरलास आणि फुली मारायला शिकवलंस. एक रेघ अशी, एक रेघ तशी. ‘आई, बारा ते सहा पट्टी राहिली की त्या दिवसाच्या चौकोनात एक फुली. नाही राहिली तर चौकोन कोरा सोड.’ मी चारदा गिरवली. तू म्हणालीस, बघ, तुला लिहिता येतं.

दहाव्या दिवशी तो भर दुपारी म्हणाला, ‘आजी, दिवा लाव.’ ऊन खिडकीतून त्याच्या मांडीवर पडलं होतं. मग तो उठला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर गेला. भुवईच्या वर एवढं टेंगूळ. रडून रडून पट्टीचा डिंक सुटला. मी म्हटलं, आज राहू दे. काढली. चौकोन कोरा ठेवायला हवा होता. पण शनिवारी तू येणार, कोऱ्या चौकोनावर बोट ठेवणार आणि ‘का’ विचारणार. मी फुली मारली.

अकराव्या दिवशी अर्धा तास ठेवली. बाराव्याला तेवढीही नाही. पुढे पुढे बाराला लावायची, तो माझ्याकडे बघायचा, मी काढायची. आम्हाला त्यासाठी बोलायलाही लागायचं नाही. मग दोघं गच्चीवर जायचो आणि टाकीच्या सावलीत बसून समोरच्या इमारतीवरची कबुतरं मोजायचो. तो दोन्ही डोळ्यांनी मोजायचा, म्हणजे उजव्याच. मला कसं कळावं, बघणारा कोणता आणि बसून खाणारा कोणता. फुली मात्र सहा वाजता न चुकता.

शनिवारी सकाळी पट्टी लावून ठेवायची. दुपारपर्यंत कातडीवर वळ उठायचा. तू आल्या आल्या त्या वळावर तेल चोळायचीस आणि त्याला म्हणायचीस, ‘माझा शूर मुलगा.’ तो माझ्याकडे बघायचा. मी त्याला सांगितलं होतं की तास झाले म्हणून काढते. चार वर्षांच्या पोराला घड्याळ काय कळतं.

मला कळतं. हे मुद्दाम लिहून घे असं बाईला सांगते आहे, कारण तुझ्या मनात येईल की आई अडाणी, तिला तास समजले नसतील. अक्षर येत नव्हतं, काटा येत होता. डॉक्टरने बजावलं होतं तेव्हाही मी तिथेच होते. सातव्या वर्षापर्यंत जेवढं शिकेल तेवढंच, मग मेंदू दार लावून घेतो. मी ऐकलं होतं. विश्वास ठेवला नव्हता. डोळा लाल नाही, तिरळा नाही, दिसायला मण्यासारखा. आजार दिसत नव्हता आणि रडणारं पोर दिसत होतं.

हे झालं एक कारण. टायपिस्टबाईने पेन ठेवलं होतं. मी म्हटलं, उचल, अजून आहे.

दुसरं असं. पट्टी निघाली की तो माझ्या गळ्यात पडायचा. तू बांधणारी आणि मी सोडवणारी. तू विद्वान, तुझ्याकडे सगळी उत्तरं; मला अख्ख्या घरात एकाच गोष्टीत कुणी धावत येऊन मिठी मारत होतं. मला ते आवडायचं. रोज बारा वाजायची वाट बघायचे मी.

तू तो तक्ता घेऊन गेलीस. त्याआधी तू मांजरीच्या पिल्लांचं वाचायचीस, डोळा झाकून ठेवला की मेंदूत काय होतं ते. मग माणसांवर आलीस, आपल्या पोरावर आलीस. तुझा पहिला निबंध छापून आला तेव्हा मला दाखवायला आणलास. त्यात माझ्या फुल्या होत्या, छापलेल्या, बारीक बारीक. ‘आई, तुझं अक्षर छापून आलं,’ म्हणून नाचलीस. आयुष्यात मी एकच गोष्ट लिहिली, ती खोटी होती, आणि तीच छापली गेली. तेव्हा सांगायला हवं होतं. मी तुला चहा करून दिला.

मग तुझी चौकशी सुरू झाली ती थांबेचना. पूर्ण उपचार होऊन या पोराचा डोळा का हलला नाही? दार लवकर बंद झालं का? दार बंद कोण करतं? मोठेपणी किलकिलं करता येईल का? एका प्रश्नाच्या मागे तू तीस वर्षं पळालीस, आणि तो प्रश्न मी गच्चीवर कबुतरं मोजता मोजता बनवला होता. तुझ्या हातून लोकांना दिसायला लागलं ते तुझं. त्या शिंप्याचा दोरा माझ्या बाजूने मांडू नकोस, मी मांडणार नाही.

आणि अकरा वर्षांपूर्वीचं. भुंग्याला बस चालवायची होती. लहानपणापासून दुसरं काही नव्हतंच त्याच्या डोक्यात. डोळ्याच्या तपासणीत त्याला बाहेर काढलं. तो आतल्या खोलीत बसून होता आणि तू स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिलीस. तू ओरडली नाहीस. हळू विचारलंस, ‘आई, तक्ता पूर्ण होता. मी कुठे चुकले, सांग ना.’

आयुष्यभर जगाला प्रश्न विचारलेस, मला एकच विचारलास. उत्तर माझ्याजवळ होतं.

मी म्हटलं, ‘तू घरात नव्हतीस. तुला पोर नको होतं, पेशंट हवा होता.’

तू पिशवी उचललीस आणि गेलीस. मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

आता सांगते. तू कुठेच चुकली नाहीस. डोळ्यावर उपचार झालाच नाही. नऊ दिवस झाला, मग नुसते रविवार. तो डोळा हट्टी नाही, बंद नाही, त्याला कुणी शिकवलंच नाही अजून. डॉक्टरणीच्या तोंडून ऐकलं म्हणून लिहिते, नाहीतर खोटं घेऊनच गेले असते. एवढी मी वाईट आहे, हे तुला कळलेलं बरं. नियम मोडू नकोस. तो त्या नियमात बसतच नाही.

त्याला घे.

अंगठा

९ एप्रिल, शनिवार

पोरी,

तुझं उत्तर आलं नाही. ठीक आहे.

पत्र टपालात टाकलं त्याच संध्याकाळी मी भुंग्याला सांगितलं. तुझ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढी लाज शिल्लक होती. तो खाटेवर बसला होता, हातात ट्रान्झिस्टर. मी सगळं सांगितलं, गच्ची, वळ, फुल्या. त्याने ट्रान्झिस्टर बंद केला.

‘मला ती दुपार आठवते,’ म्हणाला. ‘लहानपणचं तेवढंच चांगलं आठवतं.’

मला वाटलं, सुटले. मी म्हटलं, ‘तू फार रडायचास रे. मला बघवत नव्हतं.’

त्याने ट्रान्झिस्टर खाटेवर ठेवला. मग म्हणाला, ‘आजी, मी चार वर्षांचा होतो. तू नव्हतीस ना.’

एवढंच. आवाज चढवला नाही. तुझाच मुलगा.

त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलत होता. ताट वाढलं की जेवायचा, पण गुणगुणणं बंद. इतक्या वर्षांत या घरात एवढी शांतता मी ऐकली नव्हती. टायपिस्टबाई त्याच्याकडे शब्द टाकते म्हणाली. मी म्हटलं, तू कोर्टातली आहेस, घरातली नाहीस. तिला लागलं. मग मीच तिच्याकडे साखर मागायला गेले, साखर असताना.

परवा तू आलीस ते मला माहीत आहे. भुंग्याने सांगितलं नव्हतं, नुसती बॅग भरून खाली जाऊन उभा राहिला. मी गॅलरीत होते. खाली टॅक्सी थांबली आणि तू उतरलीस. चालताना डावा पाय जपून टाकतेस. गुडघा का? तू त्याच्या समोर उभी राहिलीस आणि त्याच्या तोंडाला हात लावला नाहीस, बोट वर करून डाव्या बाजूला हलवलं नाहीस, काही तपासलं नाहीस. मी वाट बघत होते की आता तपासशील. तू त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलंस. त्याने लावू दिलं. मग त्याचा हात तुझ्या कोपरावर घेतलास, आंधळ्याला देतात तसा, आणि दोघं टॅक्सीत बसलात.

तू वर बघितलं नाहीस. मी हाक मारणार होते. काय हाक मारावी ते ठरेपर्यंत टॅक्सी वळली.

काल बाईने पेपरातली एक बारीक बातमी वाचून दाखवली. तू तुझा पहिला निबंध मागे घेतलास. रिटायर व्हायला सतरा दिवस असताना. ‘मूळ नोंदी विश्वासार्ह नसल्याचे लेखिकेच्या लक्षात आले.’ नोंदी कुणाच्या, ते तू लिहिलं नाहीस. बाई म्हणते, लोक आता तुमच्या मुलीलाच नावं ठेवतील. म्हणते, कोर्टात अशा वेळी साक्षीदाराचं नाव देतात.

मी बाईला म्हटलं, माझं नाव छापायला सांग. तिने विचारलं, कुणाला? 

तो निबंध तू मला दाखवायला आणलास तेव्हाचा तुझा चेहरा मला आठवतो. बाकी काही लिहायचं नाही.

अंगठा

२ जुलै, शनिवार

पोरी,

भुंगा मेमध्येच परत आला, हे तुला सांगायला नको. तूच त्याला गाडीत बसवून दिलंस. त्याच्या बॅगेतून अक्षरं दाखवणारा पडदा निघाला, एक वेगळा चष्मा निघाला, आणि खाली एक घडी घातलेला कागद. मी म्हटलं, माझ्यासाठी काही चिठ्ठी? तो म्हणाला, ‘चिठ्ठी नाही. तक्ता आहे.’

टायपिस्टबाईने उघडला. जूनचे तीस चौकोन. तू हातानेच आखलास ना गं? आता तुझ्याकडे छापायची यंत्रं आहेत, तरी रेघा हाताच्या आहेत, मला रेघ कळते. खाली एकच ओळ. बाईने ती दोनदा वाचली, पहिल्यांदा मोठ्याने, दुसऱ्यांदा मनात. ‘रोज दोन तास. खुणा आजीनेच कराव्यात.’

ही शिक्षा आहे की आणखी काही, ते मी विचारणार नाही. प्रश्न विचारणं तुझं काम.

आता कसं चालतं ते सांगते. दुपारी तीनला बसतो. उजव्या डोळ्यावर पट्टी, जो काही उजेड त्याला दिसतो तोही झाकायचा. पडद्यावर अक्षरं येतात, आधी हातभर मोठी, मग लहान. त्याला ती ओळखायची असतात. पहिला आठवडा तो नुसता ‘धूर, धूर, धूर’ म्हणायचा. घाम सुटायचा, डोकं दुखायचं. एके दिवशी त्याने पडद्याला हात मारला आणि म्हणाला, ‘मला जमत नाही.’ माझे हात मांडीवर होते. मी एकावर एक दाबून धरले. पट्टीची गाठ माझ्या समोर होती, एका ओढीत सुटणारी. पंधरा मिनिटं तो रडत होता, छत्तीस वर्षांचा माणूस, आवाज न करता, आणि मी बसून होते. पोरी, ते रविवार तू कसे काढले असतील, हे मला त्या पंधरा मिनिटांत कळलं.

दुसऱ्या आठवड्यापासून हातभर अक्षर दिसतं. आता टीचभर दिसतं. मला येत नाहीत ती अक्षरं तो मला वाचून दाखवतो आणि मी म्हणते, बरोबर. तो म्हणतो, ‘तुला काय माहीत बरोबर?’ मी म्हणते, तुझ्या आवाजावरून. बस चालवणार नाही तो, लेथही नाही. पण काल ताटाशेजारी पाणी सांडलं तर हाताने न चाचपता फडकं बरोबर तिथेच ठेवलं. त्याच्या लक्षात आलं नाही. मी ताट उचललं.

गुणगुणतो. रोज नाही.

बुधवारी पाच वाजायला वीस मिनिटं होती. कंटाळला होता. पट्टी वर सरकवून म्हणाला, ‘आजी, झालं बघ जवळजवळ. वीस मिनिटांनी काय होतंय? मार फुली.’

मी म्हटलं, ‘नाही.’

‘आजी, कुणाला कळणार आहे?’

‘नाही.’

तो माझ्याकडे बघत राहिला. डाव्या डोळ्याने. मग हसला, फार दिवसांनी, आणि म्हणाला, ‘बत्तीस वर्षं उशीर झाला गं म्हातारे.’ हसता हसता त्याचं हसणं बिघडलं. त्याने पट्टी खाली ओढली नाही. मी चौकोन कोरा ठेवला.

तक्ता सोबत पाठवते आहे. यातला एकही चौकोन टायपिस्टबाईने भरलेला नाही. ती मागे उभी राहून नुसती बघते. एकोणीस फुल्या आहेत. रेघा वाकड्या आहेत, माझा हात आता थरथरतो, तू धरला होतास तेव्हासारखा राहिला नाही. अकरा चौकोन कोरे आहेत. तीन दिवस त्याला ताप होता, एक दिवस दवाखाना, सहा दिवस नुसता कंटाळा, आणि एक तो बुधवार.

काचेखाली ठेवायला तुझ्याकडे आता ते टेबल राहिलं नसेल. कुठेही ठेव. फुल्या बघू नकोस, फुल्या मला तेव्हाही येत होत्या. कोरे मोज.

आज अंगठा नको म्हटलं बाईला. खाली आहे ते मी केलं आहे.

✕